पहिल्या किमोआधी विचारायचा एक प्रश्न

रमजानचा रोजा प्रत्येक सज्ञान, धडधाकट मुसलमानावर फर्ज आहे. यातला ‘धडधाकट’ हा शब्द पुष्कळदा विसरला जातो. आजारी माणूस, प्रवासी, गरोदर बाई, तान्ह्या बाळाला अंगावर पाजणारी आई, या सगळ्यांना सूट आहे. सुटलेले रोजे पुढे सवडीने ठेवावेत, आणि ते कधीच शक्य नसेल तर एका रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालावे. याला फिदिया म्हणतात. इबादत मोठी, पण ती जिवावर बेतावी अशी शिकवण नाही.

नवी मुंबईकरांना ही सूट समजून घ्यायला लांब जावे लागत नाही. खारघरच्या सेक्टर २२ मध्ये टाटा मेमोरियल सेंटरची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही संस्था आहे. कॅन्सरवरचे संशोधन आणि उपचार तिथे एकाच आवारात चालतात. राज्यातून, देशभरातून माणसे तिथे येतात, आसपासच्या सोसायट्यांत, नातेवाइकांकडे, भाड्याच्या खोल्यांत महिनोन्महिने राहतात. त्यांत तरुण बायकाही असतात. किमो चालू असलेली मुस्लिम बाई रोजा ठेवत नाही, पण मगरिबची अजान झाली की दुआसाठी हात उचलतेच. पहिली दुआ शिफाची, म्हणजे बरे होण्याची. दुसरी दुआ मात्र ती कुणाच्या कानावर जाऊ देत नाही. मूल व्हावे, किंवा आणखी एक व्हावे, ही ती दुआ. शेजारच्या खाटेवरची हिंदू बाई हेच एकवीरेला सांगत असते, ख्रिस्ती बाई मदर मेरीला.

ही इच्छा उघड बोलण्याची आपल्याकडे पद्धत नाही. बोललीच तर उत्तर ठरलेले असते: “जीव वाचला हे काय थोडे झाले?” सासू म्हणते, आई म्हणते, कधी कधी घाईत असलेले डॉक्टरही म्हणतात. या उत्तरात वाईट हेतू नसतो. पण ते चुकीच्या वेळी दिलेले, अर्धे उत्तर आहे. आज उपचारांनी पुष्कळ तरुण बायका बऱ्या होतात आणि त्यांच्यापुढे तीस-चाळीस वर्षांचे आयुष्य उरते. त्या आयुष्याचे काय, हा प्रश्न कृतघ्नपणाचा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कॅन्सर झाला. भारतीय बायकांत हाच कॅन्सर सर्वाधिक आढळतो, आणि पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत इथे तो सरासरी दहा वर्षे आधी गाठतो. म्हणजे ज्या वयात एकीचे लग्न ठरत असते, दुसरीचे पहिले मूल चालायला शिकत असते, त्याच वयात हातात बायोप्सीचा कागद येतो. लिम्फोमा आणि रक्ताचा कॅन्सर तर शाळा-कॉलेजातल्या मुलींनाही होतो.

उपचारांचा आईपणाशी संबंध काय, हे साध्या शब्दांत समजून घेण्यासारखे आहे. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या बीजांडकोशात दहा ते वीस लाख स्त्रीबीजे असतात. वयात येईपर्यंत त्यांतली तीन-चार लाख उरतात. नवी तयार होत नाहीत. ही शिल्लक आयुष्यभर खर्चच होत जाते. किमोची काही औषधे, विशेषतः सायक्लोफॉस्फामाइडसारखी, या शिलकीवर मोठा घाला घालतात. ओटीपोटावर दिलेल्या रेडिएशनने बीजांडकोश आणि गर्भाशय दोन्हींना इजा होते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये टॅमॉक्सिफेनसारखी गोळी पाच, कधी दहा वर्षे घ्यावी लागते. ती बीजे मारत नाही, पण ती चालू असताना गर्भ राहू देता येत नाही, आणि दरम्यान वय थांबत नाही. कुणाची पाळी कायमची जाते, कुणाची परत येते. पाळी परत आली म्हणजे सगळे पूर्वीसारखे झाले असेही नसते.

यावर उपाय आहेत. पण त्यांतले बहुतेक उपचार सुरू होण्याआधी करायचे असतात. पुढचे सगळे या एका वाक्यावर अवलंबून आहे.

स्त्रीबीजे काढून गोठवणे हा सर्वांत रुळलेला मार्ग. दहा ते चौदा दिवस इंजेक्शने, मग छोट्या प्रक्रियेने बीजे बाहेर काढणे, आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ती राखून ठेवणे. पूर्वी पाळीची वाट पाहावी लागे. आता महिन्याच्या कोणत्याही दिवशी सुरुवात करता येते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हार्मोन वाढू नये म्हणून सोबत लेट्रोझोल देतात. लग्न झालेले असेल तर नवऱ्याच्या बीजाशी संयोग करून भ्रूण गोठवता येतो. अगदी लहान मुलीच्या बाबतीत, किंवा दोन आठवडे थांबणे शक्यच नसेल तेव्हा, बीजांडकोशाचा तुकडा काढून गोठवतात आणि बरे झाल्यावर परत बसवतात. बेल्जियमचे डॉ. जाक डोने यांच्या रुग्णाने २००४ मध्ये असे केल्यानंतर मुलीला जन्म दिला. तिचा बीजांडकोशाचा तुकडा १९९७ मध्ये, हॉजकिन लिम्फोमाच्या किमोआधी काढून ठेवला होता. याखेरीज किमो चालू असताना बीजांडकोशाला ‘झोपवून’ ठेवणारे दरमहाचे इंजेक्शन आहे, रेडिएशनच्या वाटेतून बीजांडकोश बाजूला सरकवण्याची शस्त्रक्रिया आहे, आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर अगदी सुरुवातीला सापडला तर गर्भाशय वाचवणारी शस्त्रक्रियाही आहे.

हे परदेशातले चोचले आहेत असे कुणाला वाटत असेल, तर त्याने परळचा रस्ता आठवावा. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून तिथे उभे आहे. समोर केईएम. याच केईएममध्ये ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या चमूच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली. जवळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार त्या कामात सोबत होते. त्याही आधी, १९७८ मध्ये, कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी भ्रूण गोठवून, नंतर त्याचे रोपण करून मूल जन्माला घातले होते. सरकारी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. १९८१ मध्ये त्यांनी आयुष्य संपवले. पुढे आनंद कुमार यांनीच कागदपत्रे तपासून श्रेय मुखोपाध्याय यांना मिळवून दिले. म्हणजे गोठवून राखण्याची विद्या या देशात जवळपास अर्ध्या शतकापूर्वीपासून आहे. कॅन्सरचे रुग्णालय आणि टेस्ट ट्यूब बेबीचे रुग्णालय यांच्यात एका रस्त्याचे अंतर आहे. रुग्ण बाईला तो रस्ता वेळेत ओलांडून दिला जातो का, एवढाच प्रश्न आहे.

तो वेळेत ओलांडायचा तर पहिल्या किमोआधी कुणीतरी तिला विचारले पाहिजे: “तुम्हाला पुढे मूल हवे आहे का?” अमेरिकेतील कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ मध्येच मार्गदर्शक सूचना दिल्या, की प्रजननक्षम वयातल्या प्रत्येक रुग्णाशी हा विषय उपचारांआधी बोलला जावा. आपल्याकडे ओपीडीत लांबलचक रांग असते, डॉक्टरांना मिनिटांत निर्णय द्यायचे असतात, आणि बाईसोबत आलेले दीर, काका, भाऊ यांच्यासमोर हा विषय काढायला दोन्ही बाजू संकोचतात. पेपरवर सही पुष्कळदा नवऱ्याची किंवा वडिलांची घेतली जाते. बीजे बाईची, आयुष्य बाईचे, पण प्रश्न तिला सोडून सगळ्यांना विचारला जातो.

“आधी जीव, मग बाकीचे” हा आक्षेप खरा आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. रक्ताच्या तीव्र कॅन्सरमध्ये कधी कधी एक दिवसही थांबता येत नाही. तिथे डॉक्टरांचे ऐकावे, वाद घालू नये. पण स्तनाच्या कॅन्सरमध्ये तपासण्या, रिपोर्ट, शस्त्रक्रिया, जखम भरणे यांत बहुतेक वेळा काही आठवडे जातातच. प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला गेला तर ते दोन आठवडे त्यातच बसतात. तो किमोच्या आदल्या दिवशी विचारला तर अर्थातच वेळ नसतो. दोन आठवड्यांचा अडथळा बहुधा आजारामुळे नसून उशिरा विचारण्यामुळे येतो.

दुसरी भीती अशी, की गरोदरपणाने कॅन्सर उलटेल. घरोघरी ही भीती आहे आणि वर्षानुवर्षे डॉक्टरही सावधच होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पॉझिटिव्ह’ नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने त्यावर काही प्रकाश टाकला. हार्मोनशी संबंधित स्तनाचा कॅन्सर झालेल्या, ४२ वर्षांपर्यंतच्या ५१६ स्त्रियांनी दीड ते अडीच वर्षे गोळ्या घेतल्यानंतर मुलासाठी त्या काही काळ थांबवल्या. तीन वर्षांत कॅन्सर परतण्याचे प्रमाण त्यांच्यात ८.९ टक्के होते. तुलनेसाठी घेतलेल्या, गोळ्या न थांबवलेल्या गटात ९.२ टक्के. गर्भधारणेची नोंद ठेवलेल्या ४९७ जणींपैकी ३६८ जणींना दिवस गेले आणि ३१७ जणींच्या घरी किमान एक मूल आले. हे आकडे पहिल्या काही वर्षांचे आहेत, आणि गोळी स्वतःच्या मनाने थांबवायची परवानगी ते देत नाहीत. पण “आता मुलाचे नावही काढायचे नाही” असे सांगणाऱ्यांना ते थोडे थांबायला नक्की लावतात. मुलालाही कॅन्सर होईल ही भीतीही अशीच पसरलेली. स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण पाच ते दहा टक्केच आनुवंशिक असतात. तसे आहे का, हे रक्ताच्या तपासणीने कळते.

पैशाचा प्रश्न मात्र भीतीने नव्हे, धोरणाने सुटणारा आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार मिळतात, ही राज्याची मोठी कमाई आहे. पण आयुष्मान भारत योजनेतून वंध्यत्वाशी संबंधित उपचार वगळलेले आहेत. खासगी आरोग्य विम्याच्या ठरावीक अपवादांतही वंध्यत्व बसते. किमोने येणारे वंध्यत्व हा आजार नसून उपचाराचा परिणाम आहे. किमोने केस गळतात, उलट्या होतात, रक्त कमी होते. रक्त भरण्याचा खर्च ‘हौस’ म्हणून कुणी नाकारत नाही. मग बीजे राखण्याचा खर्च हौस कसा ठरतो? अमेरिकेतील काही राज्यांनी २०१७ पासून विमा कंपन्यांना हा खर्च देणे बंधनकारक केले. महाराष्ट्राने कॅन्सरच्या पॅकेजमध्ये एक ओळ वाढवली, तर परळ, खारघरपासून विदर्भ-मराठवाड्यापर्यंतच्या गरीब घरातल्या मुलींना तो दरवाजा उघडेल. आज तो फक्त पैसेवाल्यांना उघडतो.

कायद्यातही दोन जागा दुरुस्त व्हायला हव्यात. सहायक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्यात स्त्रीचे वय २१ ते ५० या दरम्यान असावे अशी अट आहे. बाजारू केंद्रांना आळा घालण्यासाठी ती रास्तच. पण एकोणीस वर्षांच्या मुलीला किमोआधी फक्त बीजे राखून ठेवायची असतील तर? वापर पुढे लग्नानंतरच होणार आहे. तिच्यासाठी स्पष्ट शब्दांत सवलत हवी, म्हणजे डॉक्टरांना कायद्याचे पुस्तक उघडून घाबरायला नको. दुसरे, गोठवलेला भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे ठेवता येतो. इतर जोडप्यांना ही मुदत पुरते. ज्या बाईला उपचार, गोळ्या आणि मग डॉक्टरांची परवानगी यांतच सात-आठ वर्षे घालवावी लागतात, तिला ती अपुरी पडू शकते.

मुस्लिम घरांत याच्या जोडीला आणखी एक शंका असते: हे सगळे जायज आहे का? १९८० मध्ये इजिप्तचे तत्कालीन मुफ्ती शेख जाद अल हक यांनी फतवा दिला, की नवरा-बायकोच्याच बीजांपासून, निकाह कायम असताना केलेली टेस्ट ट्यूबची प्रक्रिया जायज आहे. सुन्नी उलेमांचा सर्वसाधारण कल आजही तोच आहे. तिसऱ्याचे बीज किंवा दुसरीचे गर्भाशय याला मात्र बहुतेक उलेमा परवानगी देत नाहीत. लग्नाआधी मुलीची बीजे राखण्याबाबत मतभेद आहेत. पण आजारावर इलाज करा, ही पैगंबर (स.) यांची शिकवण सर्वांना मान्य आहे. इमाम साहेबांनी जुम्याच्या बयानात या विषयावर दोन वाक्ये सांगितली, तर अनेक घरांतली कुजबूज संपेल. जकातीचा हिशेब याच महिन्यात होतो. गरीब रुग्णाच्या उपचाराला जकात दिली जाते. एखाद्या गरजू मुलीच्या या खर्चाला जकात, सदका किंवा लिल्लाह यांपैकी काय लागू पडते, ते आलिमांना विचारावे; पण विचारावे जरूर.

एवढे करूनही कित्येक बायकांना मूल होणार नाही. गोठवलेली बीजे हा विमा नाही. सगळी बीजे तगत नाहीत, सगळे गर्भ टिकत नाहीत. कुणाचे गर्भाशयच काढावे लागलेले असते. अशा बाईसाठी २०२१ च्या कायद्याने परोपकारी सरोगसीचा मार्ग ठेवला आहे. दत्तकाचा मार्गही सर्वांना खुला आहे. शबनम हाश्मी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये स्पष्ट केले, की बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माची व्यक्ती दत्तक घेऊ शकते. वैयक्तिक कायदा आड येत नाही, आणि ज्याला तो पाळायचा आहे त्याच्यावर सक्तीही नाही. ज्याला शरियतच्या चौकटीत राहायचे आहे त्याच्यासाठी किफालत आहे: मुलाला वाढवायचे, शिकवायचे, त्याच्या जन्मदात्याचे नाव पुसायचे नाही, आणि वसियतीने मालमत्तेचा एक तृतीयांशापर्यंत हिस्सा द्यायचा. पैगंबर (स.) स्वतः यतीम होते, आणि त्यांनी हजरत जैद यांना आपल्या घरात वाढवले. यतीमाला सांभाळणाऱ्याचा दर्जा इस्लाममध्ये फार वरचा आहे.

आणि ज्यांना यांतले काहीच नको, त्यांचाही मान राखला पाहिजे. या रमजान पानाच्या वाचकांना हजरत आयेशा यांचे नाव परिचित असेल. परंपरेनुसार त्यांचे निधन १७ रमजानला, हिजरी सन ५८ मध्ये झाले. त्यांना मूल नव्हते. भाच्याच्या नावावरून त्यांना उम्म अब्दुल्ला, अब्दुल्लाची आई, म्हणत. साऱ्या उम्मतने त्यांना ‘उम्मुल मोमिनीन’, श्रद्धावंतांची आई, म्हटले. मोठमोठे सहाबी त्यांच्याकडे मसले विचारायला येत. ज्या धर्मातली एवढी थोर स्त्री निपुत्रिक होती, त्या धर्माच्या घरांत ‘बांझ’ हा शब्द शिवीसारखा वापरला जावा, आजारातून उठलेल्या बायकोला बाजूला सारून ‘औलादीसाठी’ दुसऱ्या निकाहची बोलणी सुरू व्हावीत, हे लाजिरवाणे आहे. शेजारच्या घरातही चित्र फार वेगळे नाही. ‘वांझ’ हा शब्द तिथेही आहे, आणि ओटी भरायच्या वेळी तिला टाळून पुढे जाणारे हातही आहेत. एका बाबतीत दोन्ही समाज सारखेच चुकतात, ते हे.

थोड्या दिवसांनी ईद येईल. शिरखुर्म्याची वाटी हातात घेऊन शेजारीपाजारी, नातेवाईक दिवाणखान्यात बसतील. डोक्याला रुमाल बांधलेली, नुकतीच किमोतून उठलेली सून पाणी घेऊन येईल. तेव्हा “मग, खुशखबर कधी?” हा प्रश्न गिळून टाकावा. तो प्रश्न विचारण्याची जागा दवाखाना आहे, वेळ पहिल्या किमोआधीची आहे, आणि विचारणारा डॉक्टर असावा, एकांतात, तिला एकटीला. ती ‘हो’ म्हणाली तर पुढची व्यवस्था सरकारने, विमा कंपनीने, समाजाने करावी. ती ‘नाही’ म्हणाली तर तिचे ऐकून घ्यावे. दिवाणखान्यात तिला एवढेच विचारावे: “तब्येत कशी आहे? जेवलीस का?”